चौथा, सातवा आणि नववा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, तेव्हा काय बोलायचं ते बोलून घे आणि मग पुढे वाच. मी खुशाल आहे. लाकूडखोलीच्या वरची माझी खोली तशीच आहे, खिडकी अजून लागत नाही, आणि मठाचे कारभारी अजून म्हणतात की सुतार येतोय. चार वर्षं झाली, सुतार वाटेतच आहे.

पोरांचं मात्र छान चाललंय. गावातल्या शाळांच्या पोरांना मठाभोवतीचं रान दाखवायला मला ठेवलं, आणि दाखवायचं म्हणजे फळ्यावर नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यंदाची तेविसावी तुकडी काल येऊन गेली. प्रत्येकाला दोरीचं एक कडं दिलं आणि सांगितलं, कुठेही टाका, पालथे पडा आणि आत जे दिसेल ते मोजा. एका मुलाने एकशे चार मुंग्या मोजल्या, मग त्याला शंका आली की एकच मुंगी चारदा मोजली की काय. जुन्या साधूंनी खणलेला पाण्याचा पाट केव्हाच बुजलाय, तो पोरांनी नुसत्या अनवाणी पायांना लागणाऱ्या ओलीवरून शोधून काढला. मग आमच्या नेहमीच्या जागी, उतारावरच्या हद्दीच्या दगडांखाली डोकावलो. एक गोम, दोन गांडुळं आणि एक ढोल्या बेडूक निघाला. एकाने घाईघाईने दगड सोडून दिला, तर सगळ्यात लहान पोरगी त्याच्या अंगावर अशी धावून गेली की मला हसू आवरेना. तिची मोठी बहीण मागच्या वर्षी येऊन गेली होती. आपल्या लहानपणचा नियम, दादा, आता बहिणीबहिणींत परस्पर चाललाय.

आता खरी गोष्ट. हद्दीचे दगड एकूण बारा. वरच्या अंगाला मठाचं कुरण, खालच्या अंगाला मेंढीवाल्या बाईंचं. परवा गेल्या वर्षीच्या पोरांनी काढलेला नकाशा घेऊन मी खाली उतरले, तर सातवा दगड जागेवर नाही. नकाशात तो काटेरी झुडपाच्या वर आहे, प्रत्यक्षात झुडपाच्या चांगलाच खाली. पोरं अंतर चुकतील, पण झुडपाच्या वरचं खाली दाखवणार नाहीत.

आणि काल सकाळी तिथे कोण होतं म्हणतोस? मोळीबाबा. मी तुला त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. मठातले सगळ्यात जुने साधू, एकतीस वर्षं या उताराची, कुंपणाची, वाटांची देखभाल त्यांच्याकडे. पाठीवर कायम काटक्यांची मोळी, म्हणून पोरांनी ते नाव ठेवलंय. दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन पोरांशी. तर हे मोळीबाबा उजाडता उजाडता सातव्या दगडापाशी पहार घेऊन उभे. मला बघितलं आणि पहार पाठीमागे घेतली. पहार काय पाठीमागे लपते? डोक्याच्या वर हातभर दिसत होती.

मला काही बरं वाटलं नाही बघ. तुझा हा धंदाच होता, म्हणून विचारते, काय समजायचं?

वहिनीच्या गुडघ्याचं कळव. लोभ आहे तितका राहू दे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझी,
भुंगी

९ मार्च

चि. भुंगीस,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन आठवड्यांबद्दल जे बोलायचं ते भेटीत बोलेन, कागद वाया घालवत नाही.

छत्तीस वर्षं मी मोजणीदार होतो. लोकांच्या जमिनी मोजल्या, बांध मोजले, सख्ख्या भावांमधल्या भिंती मोजल्या. त्यातून एकच शहाणपण हाती लागलं. दगडाला पाय फुटत नाहीत. हद्दीचा दगड सरकला की त्यामागे माणूस असतो, आणि तो माणूस बहुधा म्हातारा, अबोल, सगळ्यांना आवडणारा असतो. भांडखोर माणसावर सगळ्यांचा डोळा असतो, त्याला कुठली सवड!

दगड मठाच्या बाजूने खाली गेला म्हणजे मठाचं कुरण वाढलं आणि मेंढीवाल्या बाईंचं घटलं. त्या बाई एक दिवस भांडायला येणार, आणि तेव्हा त्या उतारावर रोज कोण हिंडतं म्हणून पहिलं बोट तुझ्याकडे येणार. म्हणून आधी मोज. दर हातावर गाठ मारलेली लांब दोरी घे. जे कधी हलणार नाही असं काहीतरी धर, घंटेच्या मनोऱ्याचा कोपरा किंवा विहिरीचा काठ. तिथून बाराही दगड मोज आणि जुन्या कागदाशी ताड. मठात जुना कागद असणारच, कारभाऱ्यांकडे माग, कारण सांगू नकोस. कोणालाच काही सांगू नकोस. त्या बाबांशी हसून बोल, पण पहार कुठे ठेवतात ते बघून ठेव.

लोभ आहेच. सावध राहा.

दादा

वहिनीची पुरवणी: गुडघा बरा आहे, धनी बरे नाहीत. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही मिळत नाही म्हणून समोरच्यांच्या कुंपणाकडे खिडकीतून टक लावून बसतात. तुझं पत्र आल्यापासून कधी नव्हे ते दोनदा भात मागून घेतला. भुंगे, यांचं ऐक, पण त्या म्हाताऱ्याला आधी एक कप चहा पाज आणि मग काय तो संशय घे.

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मोजलं. एकटीने दोरी धरणं जमेना, म्हणून चोविसाव्या तुकडीला कामाला लावलं. त्यांना सांगितलं की आज आपण जुन्या साधूंसारखे मोजणीदार व्हायचं. पोरं खूश. मी मात्र मनात चोरासारखी होते, कारण पोरांना खेळ सांगून मी चौकशी करत होते. हे मला अजून टोचतंय.

जुना कागद कारभाऱ्यांनी दिला; खोकत खोकत, का हवा म्हणून तीनदा विचारून. ताडून बघितलं. बारांपैकी नऊ दगड तसूभर हललेले नाहीत. ते गुडघाभर पुरलेले आहेत. चौथा, सातवा आणि नववा हे तीन मात्र ओलीच्या जागी आहेत, तिथे पुरलं की दगड खचतो, म्हणून जुन्या लोकांनी बसायच्या पाटाएवढ्या सपाट फरश्या नुसत्या टेकवून ठेवल्यात. ते तीनही खाली सरकलेत. चौथा अठरा फूट, सातवा साडेअठरा, नववा जवळजवळ अठरा. तिन्ही सारखेच.

वहिनीला सांग, चहाही पाजला. मोळीबाबा ओट्यावर बसले, डाव्या हाताने कप धरला, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं की दगडांचं काय काम चाललंय. ते माझ्याकडे बघून हसले आणि मग कितीतरी वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. तू म्हणालास ना गोड हसणाऱ्यांबद्दल (म्हणाला नव्हतास, पण म्हणायचं होतं तुला). मग म्हणाले, की पुढची तुकडी कधी येतेय. बस, एवढंच. पहार ते गवताच्या गंजीत खुपसून ठेवतात. सुतळीने बांधून, वर गवत ओढून. सरळ कामाच्या पहारीला लपवायचं काय कारण?

मेंढीवाल्या बाई रोज सकाळी आपल्या दगडी गडग्यापाशी उभ्या राहून बोटाने दगड मोजतात. काल त्यांनी मला हाक मारून विचारलं, मठाला गवत कमी पडायला लागलंय का. मी हसून वेळ मारून नेली. खोलीवर येऊन स्वतःचाच राग आला. चार वर्षं मी पोरांना सांगतेय की ही वाट, हा पाट, ही झाडं, सगळं नीट राहिलं ते या बाबांमुळे. आणि बाबा असे निघावेत?

लोभ असावा, आणि लवकर सल्ला असावा.

तुझी,
भुंगी

२१ मार्च

चि. भुंगीस,
अनेक उ. आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो. तिन्ही दगड सारख्याच अंतराने सरकलेत, म्हणजे हे वाऱ्यापावसाचं काम नाही. कोणीतरी थोडं थोडं, नेमाने, मोजूनमापून करतंय. माझ्या सगळ्या नोकरीत इतका टापटिपीचा चोर मी पाहिला नाही.

मठप्रमुखांना सांग. तोंडी नको, लेखी दे, मोजमापासकट. बाबांचं नाव घेऊ नकोस, फक्त काय पाहिलंस ते लिही. पहार, वेळ, गंजी. बाकीचं ते समजतील. गप्प बसलीस तर उद्या बाई आरडाओरडा करतील आणि पोरांच्या सहली बंद पडतील. तुला त्या पोरांची काळजी असेल तर मन घट्ट कर.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, मी लांब बसून एका म्हाताऱ्याच्या मागे लागलोय. असो. लोभ आहे.

दादा

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे लेखी, मोजमापासकट. मठप्रमुखांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचला. मग बाबांना बोलावून माझ्यासमोर विचारलं, की हे दगड तुम्ही हलवलेत का. मला वाटलं होतं नाही म्हणतील, रागावतील, माझ्याकडे रोखून बघतील. त्यांनी एवढंच सांगितलं की हो, हलवलेत. मठप्रमुखांनी विचारलं, का. त्यावर काहीच बोलले नाहीत. मठप्रमुखांनी तीनदा विचारलं.

आता त्यांना शहरातल्या मठात पाठवायचं ठरलंय. तिथे ना उतार, ना झाड, एका गल्लीत तीन मजली इमारत आहे. येत्या चौदा तारखेला, रविवारी, गाडी येईल. तोवर त्यांनी उतारावर जायचं नाही, मागच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची. एकतीस वर्षं उघड्यावर राहिलेला माणूस मोरीशेजारी बसून बटाटे सोलतोय. खिडकीतून दिसतात मला.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही. पोरं विचारतात बाबा कुठेत, आणि मी सांगते कामात आहेत. यंदाची सव्विसावी आणि शेवटची तुकडी काल येऊन गेली. त्या छोट्या पोरीने, हो तीच, हट्टाने दुसऱ्या वर्गाबरोबर नाव घालून परत आलेली, बाबांसाठी एक पीस ठेवलंय. मी काय करू त्या पिसाचं?

एक गोष्ट मनातून जात नाही. मठप्रमुख जाता जाता म्हणाले की गेल्या शरदात, यंदाच्या सहली सुरू व्हायच्या आधीच, शिडीवरून पडल्यापासून बाबांचा उजवा खांदा कामातून गेलाय, कप उचलत नाही त्या हाताने. मग एवढ्या फरश्या त्यांनी एकट्याने ढकलल्या कशा? मी विचार केला, उतार आहे, खाली ढकलायला कितीसा जोर लागतो. पण मन खात राहिलं.

तुला बघायला पोरांनी काढलेला वाटेचा नकाशा पाठवतेय. मोठी फुली म्हणजे आम्ही जिथे थांबतो त्या जागा. गोल म्हणजे हद्दीचे दगड. तूच बघ आणि मला सांग की मी योग्य केलं. ऐकायची फार गरज आहे.

लोभ असू दे, यावेळी खरोखर.

तुझी,
भुंगी

५ एप्रिल

चि. भुंगीस,
अनेक उ. आशीर्वाद.

हे पत्र मिळेल त्या क्षणी तडक मठप्रमुखांकडे जा. आधी शेवटपर्यंत वाच, मग जा.

तुझा नकाशा टेबलावर पसरला. तीन फुल्या आणि बारा गोल. फुल्या तीनच गोलांवर बसल्यात. चौथा, सातवा, नववा. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग वहिनीला हाक मारली. तिने एकदा नकाशाकडे बघितलं आणि विचारलं, की पोरं दगड उचलून बघतात, ते परत कुठे ठेवतात?

भुंगे, कुठे ठेवतात?

तू पाच वर्षांची होतीस. मागच्या अंगणात मी तुला दगडाखालची दुनिया दाखवायला दगड उचलला, आणि कंटाळून हातातून सोडून दिला. खाली बेडूक होता. तू संध्याकाळपर्यंत रडलीस, जेवली नाहीस. तुला गप्प करायला मी तिथल्या तिथे नियम बनवला आणि थाप मारली की हा फार जुना नियम आहे, थोरामोठ्यांचा. दगड उचलला की जागेवर आदळायचा नाही. वीतभर बाजूला ठेवायचा, खालच्या अंगाला, म्हणजे वरून घरंगळून कोणावर येत नाही. जीव आपले आपण खाली शिरतात. तू तो नियम मला शंभरदा म्हणून दाखवला होतास.

दोन विती म्हणजे एक हात. सव्वीस तुकड्या, सव्वीस विती, तेरा हात. साडेएकोणीस फूट. तू मोजलंस तेव्हा चोविसावी तुकडी होती. चोवीस विती, अठरा फूट. जाऊन परत मोज, दीड फूट वाढलेलं असणार. माझा टापटिपीचा चोर सापडला. तो मीच आहे, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर हा साधा हिशेब मला एका फुलीवरून कळावा लागला.

एकच कोडं राहतं. तू चार वर्षं तिथे आहेस, मग आधीच्या तीन वर्षांत दगड का हलले नाहीत? गेल्या वर्षीच्या नकाशात तर ते जागेवर आहेत. याचं उत्तर, मला वाटतं, त्या पहारीपाशी आहे. बाबांना विचार. आणि माझ्या वतीने पाया पड, मला तिथवर तोंड घेऊन यायची लाज वाटते.

लोभ ठेव, शक्य असेल तर.

दादा

वहिनीची पुरवणी: मी चहा म्हटलं होतं. चहा पाजताना तो माणूस तुझ्या बुटांकडे का बघत होता ते आता कळलं का? लाजत होता बिचारा, तुझ्यासाठी. जा लवकर.

१२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच वाचलं आणि तशीच आत गेले. मोळीबाबा डाव्या हाताने बटाटे सोलत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तू लाज वाटते म्हणतोस तिथपर्यंत. मला मध्येच रडू आलं, तेव्हा त्यांनी बटाटा खाली ठेवला आणि थांबले. बेडकापाशी त्यांनी मान हलवली. म्हणाले, त्या बेडकाने मेल्यावर पुष्कळांना वाचवलं.

मग मी विचारलं. दादा, तीन वर्षं प्रत्येक तुकडी गेली की दुसऱ्या दिवशी उजाडताना ते पहार घेऊन जायचे आणि तिन्ही दगड वीतभर वर आणून ठेवायचे. आधी दगडाखाली कुठला जीव आहे ते बघून, हळूहळू. खांदा गेल्यापासून जमेना. एका हाताने दगड बोटभर हलायचा आणि पुन्हा ओल्या मातीवर घसरून मागे यायचा, तोवर पुढची तुकडी हजर. मला दिसू नये म्हणून पहार गंजीत. मी म्हटलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, पोरांना सांगितलं असतं तर ती दगडाला हात लावायला भ्याली असती, आणि एकदा भ्यालेलं पोर परत वाकून बघत नाही. आणि बाईंना, म्हणजे मला, सांगितलं असतं तर बाईंनी ती जागाच सोडून दिली असती. मठप्रमुखांनी दगड हलवलेत का विचारलं, त्यांनी हलवले होते, म्हणून हो म्हणाले. ज्या हातांनी मी तो कागद लिहिला ते हात कुठे लपवू असं मला झालं.

तिथून मठप्रमुखांकडे गेले. मेंढीवाल्या बाईंनाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की चोर मी, चोर माझा भाऊ, आणि चोर साधारण साडेसहाशे पोरं. तुझ्या सांगण्यावरून जाता जाता परत मोजलंही होतं, सातवा बरोबर वीस फुटांवर. कारभारी खोकले. मेंढीवाल्या बाई म्हणाल्या की तीन वर्षं त्या गडग्यावरून बघत होत्या, पोरं येऊन गेली की म्हातारा सकाळी दगड वर सरकवतो, म्हणजे त्यांची जमीन त्यांना परत देतो; का देतो ते कळत नव्हतं, पण बरं वाटायचं. यंदा तो वर सरकवेनासा झाला, तेव्हा त्यांना वाटलं म्हातारपणी बुद्धी फिरली. त्यांनी कोणाला विचारलं नाही. मीही नाही. सगळे आपापल्या जागेवरून नुसते मोजत बसलो होतो.

शहरातल्या मठाला गाडी नको म्हणून कळवलंय. बाबा इथेच राहतील. पण खांदा काही परत यायचा नाही, वैद्यांनी स्पष्ट सांगितलंय. ती छोटी पोरगी काल आईचा हात ओढत पीस द्यायला आली, आणि तिने मला सरळ विचारलं की मग तो नियम चुकीचा होता का. उत्तर बाबांनी दिलं. नियम बरोबर आहे, म्हणाले, फक्त अर्धाच सांगितलाय. जीव आत शिरले की दुसऱ्या दिवशी येऊन दगड परत जागेवर न्यायचा. हे दुसऱ्या दिवसाचं काम आतापर्यंत एकटे तेच करत होते.

पुढच्या तुकड्यांना मी पूर्ण नियम शिकवीन. पण आत्ता तीन फरश्या एकोणीस-वीस फूट वर न्यायच्या आहेत, आणि पोरांच्या सुट्ट्या लागल्यात. मी बाबांना तुझा नमस्कार सांगितला, आणि तू तोंड दाखवायला लाजतोस हेही. त्यांनी दिवसभराची उरलेली सगळी वाक्यं तुझ्यासाठी खर्च केली. म्हणाले, त्याला म्हणावं तोंड राहू दे, खांदे घेऊन ये. मठात पहारी दोन आहेत.

वहिनीलाही आण, चहा ती करेल तसा इथे कोणाला येत नाही. लोभ आहेच, संशय तेवढा घरी ठेवून ये.

तुझी,
भुंगी